कृपेच्या पेपरात सतरा वेळा नापास

खैरपाड्याच्या लुथेरन चर्चच्या दारावर वर्षातून एकदा निकाल लागतो. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी सुकलाल पाडवी गुरुजी खळ लावलेला कागद घेऊन येतात, तो दारावर चिकटवतात आणि चार पावलं मागे जाऊन सरळ लागला आहे की नाही ते पाहतात. कागदावर लाल शाईने आखलेले रकाने असतात: अनुक्रमांक, नाव, पापाचे ज्ञान (२५), कृपा (५०), सत्कर्मे (२५), एकूण, शेरा. प्रत्येक विभागात पस्तीस टक्के स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. पाप आणि सत्कर्म यांत पैकीच्या पैकी पडले आणि कृपेत एक गुण कमी आला, तर उमेदवार नापास. मग पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. तोवर त्याचं दृढीकरण होत नाही, म्हणजे प्रभुभोजनाला वेदीपाशी जाता येत नाही. मागच्या बाकावरून इतरांना भाकर आणि प्याला घेताना पाहावं लागतं.

‘कृपा म्हणजे जी कमवावी लागत नाही ती’ या व्याख्येला तीन गुण आहेत. एखादा शब्द गाळला तर दोन.

शहाद्याहून प्रकाशाकडे जाताना केळीच्या बागांमागे खैरपाडा आहे. साठ-सत्तर घरं, त्यातली निम्मी ख्रिस्ती. गुरुजींचा जन्म इथलाच. वडील उखा हे गुजर पाटलांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होते. सुकलाल मिशनच्या वसतिगृहात राहून शिकला, डी.एड. झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याने चौतीस वर्षं काढली. त्याच्या वर्गात मुलं अहिराणीतलं ‘शे’ म्हणत आली आणि ‘आहे’ म्हणत बाहेर पडली. काही ‘शे’ म्हणतच बाहेर पडली. त्यांचे शेरे वेगळे.

आज गुरुजींचं वय बहात्तर आहे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, एक निळं, एक लाल. रविवारच्या उपासनेला ते एकदाही उशिरा आलेले नाहीत. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलेलं नाही. फक्त उशिरा येणाऱ्याकडे पाहून घड्याळाला किल्ली देतात. घड्याळ किल्लीचं नाही.

ही परीक्षा त्यांच्याकडे आली ती जुन्या पाळकांमुळे. ते नंदुरबारहून महिन्यातून एकदा एस.टी.ने येत. दृढीकरणाचा वर्ग घ्यायला त्यांना वेळ नसे. ‘गुरुजी, पोरांना प्रश्नोत्तरीचं पुस्तक थोडं समजावून द्या,’ असं ते सांगून गेले. गुरुजींनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. बैठक क्रमांक दिले, बाकांवर खडूने आकडे टाकले, पाण्याची घागर दाराबाहेर ठेवली आणि निकाल लावला. पुढच्या महिन्यात पाळक आले तेव्हा सहा मुलं कृपेत नापास झालेली होती. पाळकांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग साडेचारची गाडी पकडायला निघाले.

शिकवण गुरुजींना तोंडपाठ आहे आणि ती त्यांना मनापासून पटते. माणूस पापी आहे, स्वतःच्या बळावर तो देवापुढे उभा राहू शकत नाही. तारण मिळतं ते फुकट, ख्रिस्तामुळे, विश्वासाने. सत्कर्मं करायची ती तारण मिळालं म्हणून, मिळावं म्हणून नाही. झाडाला फळ येतं तशी. शहाद्यात एस.टी. स्टँडजवळ इंदरमल शेठचं किराणा दुकान आहे; शेठ जैन. तिथे दर वर्षी मनुका घ्यायला गेले की गुरुजी हे शेठना ऐकवतात. प्रभुभोजनाचा द्राक्षरस मनुका उकळून होतो, आणि मनुका इंदरमल शेठकडच्या चांगल्या असतात. दोघांची ओळख चाळीस वर्षांची आणि वाद तेवढ्याच वयाचा.

‘शेठ, तुम्ही लोक बिचारे पुण्य साठवता,’ गुरुजी म्हणतात. ‘उपास करता, तप करता. आमच्याकडे सगळं फुकट.’

‘फुकट आहे तर परीक्षा कशाची घेता?’

‘फुकट आहे हे त्यांना कळलं की नाही, त्याची.’

‘आणि नाही कळलं तर?’

‘तर मिळत नाही.’

इंदरमल शेठ मनुकांची पुडी बांधतात. ‘गुरुजी, आमच्याकडे कोणी माफ करत नाही. ज्याचं कर्म त्यानेच फेडायचं. कडक हिशेब आहे, मान्य. पण दाखूबाईने वर्षभर एकाआड एक उपास केले, तेव्हा तिची तोंडी परीक्षा घ्यायला कोणी आलं नाही.’

दाखूबाई म्हणजे शेठची पत्नी. गुरुजींच्या पत्नीचं नाव भिकुबाई. या हकिकतीत अडलेलं माणूस त्या आहेत.

भिकुबाईंचा बाप्तिस्मा लग्नाच्या वेळी झाला, १९७९ साली. दृढीकरण राहून गेलं. आधी मुलं लहान, मग सासू अंथरुणाला, मग मुलांची लग्नं. २००७ साली त्या पहिल्यांदा परीक्षेला बसल्या, आठवी-नववीच्या पोरांच्या रांगेत, शेवटच्या बाकावर. नापास झाल्या. तेव्हापासून २०२४ पर्यंत त्या सतरा वेळा बसल्या आणि सतरा वेळा नापास झाल्या. मधलं कोरोनाचं एक वर्ष परीक्षा झाली नाही, म्हणून त्या वर्षी त्या नापास झाल्या नाहीत.

आता हे ध्यानात घ्यावं की वेदीवरचं पांढरं कापड भिकुबाई धुतात. मनुका त्याच उकळतात. साखर बरोबर पडली का हे चमच्याने चाखून पाहतात. प्याले त्याच भरतात आणि मागच्या बाकावर जाऊन बसतात. चाखलेलं चालतं, प्यायलेलं चालत नाही. मंडळीतल्या बायकांनी सुरुवातीला कुजबुज केली, नंतर ती सवय झाली. एकदा कोणीतरी गुरुजींना म्हणालं, घरचं माणूस आहे, सोडून द्या. गुरुजी म्हणाले, ‘घरचं आहे म्हणूनच सोडता येत नाही.’ यात त्यांचा न्यायनिष्ठुरपणा दिसतो असं गावाने ठरवलं. गुरुजींनीही तेच ठरवलं होतं.

भिकुबाई नापास का होतात, हे २०१४ च्या तोंडी परीक्षेवरून कळेल. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची परीक्षा तोंडी.

गुरुजींनी विचारलं, ‘तू पापी आहेस असे तू मानतेस काय?’

‘व्हय.’

‘कशावरून?’

पुस्तकातलं उत्तर: दहा आज्ञांवरून, त्या मी पाळल्या नाहीत. भिकुबाई म्हणाल्या, ‘जसोदाबाईनी कोंबडीनी मन्हा वाडामा अंडं दिधं. मी ते उचली लिधं, नि तिले सांगं नही.’

‘उदाहरण विचारलेलं नाही,’ गुरुजी म्हणाले आणि शून्य टाकलं. ‘पुढचा प्रश्न. पापांची क्षमा तुला कशाने मिळते?’

‘आठ दिननंतर मी जसोदाले सांगं. ती हासनी. म्हने, ठेव ना बाई, खायी ले. तव्हय मिळनी.’

पुन्हा शून्य. पुस्तकातलं उत्तर होतं: केवळ कृपेने, ख्रिस्तामुळे, माझ्या कर्मांवाचून. जसोदाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. त्यांच्या हसण्याचा उल्लेख कोणत्याही आवृत्तीत नव्हता.

पुढची दहा वर्षं भिकुबाईंनी हेच उत्तर दिलं. एकदा त्यांना वाटलं, अंडं जुनं झालं म्हणून गुण मिळत नसतील. तेव्हा त्यांनी तुरीच्या शेंगांचं सांगितलं. त्यालाही शून्य.

२०२५ साली दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली, त्यांची नात मोहिनी चौदा वर्षांची झाली आणि त्याच परीक्षेला बसली. मोहिनी हुशार; ती पहिल्याच फटक्यात पास होणार आणि झावळ्यांच्या रविवारनंतरच्या गुरुवारी प्रभुभोजनाला वेदीपाशी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आजीने भरलेला प्याला नात पिणार आणि आजी मागून पाहणार. भिकुबाईंनी फेब्रुवारीतच जाहीर केलं, ‘यंदा नही तं मंग नही. मी परत बसाव नही. कापड दुसरी कोन्ही धोई.’ असं त्या याआधी कधी बोलल्या नव्हत्या. गुरुजींनी ऐकलं आणि म्हणाले, ‘अभ्यास कर म्हणजे झालं.’ मोहिनीने आजीला शिकवायला घेतलं. चुलीपाशी, नळावर, कापूस वेचताना, एकेक ओळ.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे नवे पाळक. मिथुन वसावे, वय एकोणतीस, मोलगीकडचे, दक्षिणेत सेमिनरी केलेले. ते खैरपाड्यातच राहायला आले, त्यामुळे त्यांना साडेचारची गाडी पकडायची नसे. त्यांनी मागच्या वर्षांचे निकाल पाहिले. मग प्रभुभोजनापूर्वीच्या पापकबुलीची जुनी रीत सुरू केली: ज्याला यायचं त्याने एकेकट्याने यावं, बोलावं, क्षमेचं वचन ऐकावं आणि जावं. सक्ती नव्हती. अर्थातच गुरुजी पहिल्या दिवशी पहिल्या नंबरला गेले.

‘मी पापी आहे,’ गुरुजी म्हणाले. ‘दहा आज्ञांवरून; त्या मी पाळल्या नाहीत.’

‘बरोबर,’ मिथुन पाळक म्हणाले. ‘त्यातलं एखादं?’

‘म्हणजे?’

‘एखादं केलेलं. नाव घेऊन.’

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि पुस्तकातही तो नव्हता. ‘सर्वसाधारणपणे सगळीच,’ ते म्हणाले.

‘सर्वसाधारण पापाला सर्वसाधारण क्षमा मिळते, गुरुजी. ती कुठे लागू करायची ते कळत नाही. घाई नाही. परीक्षा शनिवारी आहे, तोवर सापडलं तर सांगा.’

गुरुजींनी हा गृहपाठ समजला. घरी येऊन त्यांनी वहीचं नवं पान काढलं, वर ‘पाप : उदाहरणे’ असं लिहिलं आणि खाली लाल रेघ ओढली. मंगळवारपर्यंत पान कोरं होतं. चोरी केलेली नव्हती. खोटं बोललेले नव्हते. सवलतीसुद्धा दिल्या नव्हत्या. राग येई, पण तो शिस्तीसाठी. अभिमानाचा विचार त्यांनी नीट केला आणि आपल्यात तो अजिबात नाही हे पाहून त्यांना जरा बरं वाटलं.

बुधवारी त्यांनी भिकुबाईंना विचारलं. ‘माझं एखादं पाप तुझ्या लक्षात आहे का?’

भिकुबाई तव्यावर भाकर उलटत होत्या. मोहिनी शेजारी पुस्तक धरून बसली होती.

‘माले इचारू नका,’ भिकुबाई म्हणाल्या. ‘ती कॉपी व्हई.’

मोहिनी पुस्तकाआड गेली. पुस्तक बराच वेळ हलत होतं.

गुरुवारी ते मनुका आणायला शहाद्याला गेले. इंदरमल शेठना त्यांनी अडचण सांगितली. शेठ हसले नाहीत. ‘मला माहीत आहे हे,’ ते म्हणाले. ‘संवत्सरीला मी सगळ्यांची माफी मागतो. कळत-नकळत काही चूक झाली असेल तर क्षमा करा. चारशे जणांना, मोबाइलवर, एका बोटाने.’

‘कोणत्या चुकीची?’

‘ते लिहायचं नसतं. लिहिलं तर चारशे वेळा वेगळं टाइप करावं लागेल.’ शेठनी मनुका तोलल्या. ‘एकदाच खरी मागितली. दाखूबाईची. ती समोर बसली होती आणि मला शब्द फुटेना. चारशे सोपे आहेत, गुरुजी. जी रोज ताट वाढते तिच्यापाशी जड जातं.’

‘तुम्ही काय केलं होतं?’

‘मनुका चांगल्या आहेत यंदा,’ शेठ म्हणाले.

शनिवारी सकाळी आठ वाजता चर्चमध्ये नऊ उमेदवार होते, आठ मुलं आणि भिकुबाई. लेखी झाली. मग मुलांना बाहेर न पाठवता तोंडी घ्यावी असं पाळकांनी सुचवलं, आणि गुरुजींना नियमात अडचण सापडेना. टेबलामागे ते बसले, शेजारी पाळक. भिकुबाई समोर उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत.

‘उमेदवार भिकुबाई सुकलाल पाडवी. तू पापी आहेस असे तू मानतेस काय?’

‘होय, मी तसे मानते,’ भिकुबाई म्हणाल्या. ‘मी’ आणि ‘तसे’ यांच्यामध्ये त्यांनी श्वास घेतला.

‘कशावरून?’

‘दहा आज्ञांवरून, त्या मी पाळल्या नाहीत.’

पोरांमध्ये चुळबुळ झाली. अठरा वर्षांत पहिल्यांदा गुरुजींनी त्या चौकोनात शून्याखेरीज काही लिहिलं.

‘पापांची क्षमा तुला कशाने मिळते?’

‘केवळ कृपेने,’ भिकुबाई म्हणाल्या, ‘ख्रिस्तामुळे,’ आणि थांबल्या. पुढचं आठवेना. मोहिनीचे ओठ हलले.

‘कॉपी चालणार नाही,’ गुरुजी म्हणाले.

‘चालू दे नको,’ भिकुबाई म्हणाल्या. ‘ते पाठ करेल माले कळस बी नही. मी ते बोलसू तं पास मोहिनी व्हई, मी नही. तुमले बरोबर पाहिजे का खरं पाहिजे?’

गुरुजींनी पेन खाली ठेवलं नाही. पण ते चाललंही नाही.

‘खरं सांगा, आजी,’ पाळक म्हणाले.

भिकुबाईंनी अंड्याचं सांगितलं. उचललं कसं, आठ दिवस जसोदाबाईंच्या दारावरून जाताना पदर कसा पुढे ओढला, शेवटी सांगितलं तेव्हा त्या कशा हसल्या. ‘मी काय बी करेल नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘अंडं परत बी दिधं नही, ते तं आम्हीन खायी टाकेल व्हतं. तरी बी ती हासनी. बस. क्षमा तशीच व्हस.’

‘गुरुजी, किती?’ पाळकांनी विचारलं.

‘उत्तर बरोबर आहे,’ गुरुजी म्हणाले. मग म्हणाले, ‘पुस्तकात असं नाही.’

‘हे उत्तर त्यांनी याआधी दिलं होतं?’

‘दोन हजार चौदा साली. नंतरही. एक वर्ष शेंगा.’

‘तेव्हा गुण?’

‘शून्य.’

ज्याने चौतीस वर्षं पेपर तपासले त्याला चुकलेली तपासणी डोळ्यांसमोर आली की ओळखू येते. गुरुजींनी कागद पालथा घातला. मग उभे राहिले, जसे शाळा तपासणीला साहेब आल्यावर उभे राहत. ‘पाळकसाहेब, तुम्ही विचारलं होतं ते सापडलं.’

‘मला नका सांगू.’

गुरुजी बायकोकडे वळले. चर्चमध्ये आठ मुलं होती आणि त्यातली एक त्यांची नात होती. ‘मी तुला सतरा वेळा नापास केलं,’ ते म्हणाले. ‘उत्तर येत असताना. लोक मला कडक म्हणायचे, ते मला आवडायचं. आज अठराव्यांदा करणार होतो.’

‘अठरावं धरू नका,’ भिकुबाई म्हणाल्या. ‘ते आजून व्हयनं नही.’

भिकुबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, वही तपासताना गुरुजी पाहायचे तसं.

‘उदाहरन बरोबर शे,’ त्या म्हणाल्या. ‘पन एकच?’

पहिली मोहिनी हसली, मग सगळी पोरं, मग पाळक, आणि शेवटी भिकुबाई स्वतः. गुरुजी हसले नाहीत. दुसरं उदाहरण ते खरोखर आठवत होते, आणि आता त्यांना बरीच आठवू लागली होती.

‘राहू द्या,’ भिकुबाई म्हणाल्या. ‘बठा.’ गुरुजी बसले.

त्या संध्याकाळी लागलेल्या निकालात गुणांचे रकाने नव्हते. नऊ नावं होती आणि नऊ जणांपुढे ‘पास’. नावं मात्र गुणानुक्रमे लावली होती. मोहिनी पहिली, आजी नववी. पुढच्या गुरुवारी भिकुबाई वेदीपाशी गेल्या, प्याला घेतला, प्यायल्या आणि शेजारी गुडघे टेकलेल्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, ‘साखर कमी पडनी.’ एवढी वर्षं चाखून त्यांना ते आधी कळलं नव्हतं, हे नवल. चमचाभर घेण्यात आणि घोटभर घेण्यात फरक असतो, असं त्यांनी नंतर जसोदाबाईंना समजावलं.

गुरुजी बदलले का, असं विचारलं तर खैरपाड्यात दोन मतं आहेत. २०२६ च्या परीक्षेत बैठक क्रमांक होते, घागर होती, लाल रेघा होत्या. गुण खरंच नव्हते. शेवटी एक नवा प्रश्न होता: ‘स्वतःच्या एका पापाचे उदाहरण द्या व त्याची क्षमा कशी मिळाली ते लिहा (अनिवार्य).’ यंदा बारा मुलं बसली होती. बारांपैकी अकरांनी लिहिलं की जसोदाबाईंच्या कोंबडीचं अंडं त्यांनी उचललं, आठ दिवसांनी सांगितलं आणि जसोदाबाई हसल्या. मागच्या वर्षीचं उत्तर बरोबर ठरलं होतं. ते मुलांनी पाठ केलं. चौघांनी ‘आठ दिननंतर’ हे शब्दही जसेच्या तसे ठेवले होते.

गुरुजी पेपर घेऊन पाळकांकडे गेले. पाळकांना उपाय सुचेना. उपाय भिकुबाईंनी काढला. त्यांनी अकराही जणांना रांगेने जसोदाबाईंच्या दारात पाठवलं: लिखेल शे ना, मंग सांगी या.

जसोदाबाई पहिल्या तिघांना हसल्या. चौथ्याला म्हणाल्या, ‘मन्ही एकच कोंबडी व्हती रे, ती बी कव्हयनी मरी गयी. इतला अंडा तिनं दिधा कव्हय?’ सातव्यापर्यंत त्या दारातच खाट टाकून बसल्या होत्या. अकरावी मुलगी खाटेपाशी आली आणि म्हणाली, ‘अंडं मी लिधं नही, बाई. पन तुमनी बोरनी फांदी मीच तोडी.’

जसोदाबाईंचं हसू गेलं. ती बोर त्यांच्या सासूने लावलेली होती आणि फांदी कोणी मोडली हे त्या दोन महिने विचारत होत्या. त्यांनी मुलीला भरपूर बोलून घेतलं, तिच्या आईलाही बोलून घेतलं. मग आत गेल्या, मूठभर वाळलेली बोरं आणली आणि तिच्या हातावर ठेवली.

गुरुजी भिंतीपलीकडून हे पाहत होते. त्यांनी खिशातून निळं पेन काढलं, मग लाल काढलं. मग हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते न कळल्याने दोन्ही परत खिशात ठेवली.